दर्शनीच्या मुंग्या

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये साखरेला मुंग्या लागल्या, की शिपाई डबा उन्हात नेऊन ठेवतो. एकदा तो रजेवर होता. कुणीतरी कपडे धुवायची पावडर पाण्यात कालवून कपाटाभोवती शिंपडायला घेतली. प्रियदर्शनी चौगले खुर्चीवरून उठली आणि बाहेर गेली. तिचा तास नव्हता. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही सर. त्या वासाचा त्रास होतो मला."

पुढं वार्षिक परीक्षेच्या सुपरव्हिजनला आमची जोडी लागली, तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. एका दमात नाही, तुकड्यातुकड्यानं, मुलं पेपर लिहीत असताना व्हरांड्यात उभं राहून. मी मराठी शिकवतो, तिचा विषय पदार्थविज्ञान. जे कळलं नाही ते मी पुन्हा पुन्हा विचारलं. आता ते सलग लावून सांगतो.

दर्शनी, तिला घरी असंच म्हणतात, मूळची हुपरीची. घरात चांदीचं काम. वडील पैंजण जोडायचे, आई आणि काकू त्याला घुंगरं लावायच्या. शाळेतून आली की तिच्याकडं एक काम ठरलेलं असे: चांदीचे बारीक गोळे ताटात घेऊन त्यातले वेडेवाकडे निवडायचे. ताट हलकं हलवत राहिलं, की गोळे आपोआप एकमेकांना खेटून बसत. प्रत्येकाभोवती सहा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. कुणी लावलेले नसत. ती बोटानं सगळं विस्कटायची आणि पुन्हा ताट हलवायची. निवडायचं सोडून खेळत बसते म्हणून आईच्या शिव्या खायची.

एम.एस्सी. झाल्यावर ती कोल्हापुरातल्या एका संशोधन केंद्रात मुल्लाणी मॅडमच्या हाताखाली लागली. मॅडमचा विषय ऐकायला साधा वाटतो. जगात काही वस्तू दगडासारख्या घट्ट असतात, काही पाण्यासारख्या वाहत्या. मग दही काय आहे? वाटी तिरकी केली तर थरथरतं पण सांडत नाही, आणि चमचा फिरवला की वाहायला लागतं. साबणाचा फेस, रक्त, आपली कातडी, सगळं असंच, ना धड घट्ट ना धड पातळ. आणि यातल्या पुष्कळ गोष्टी स्वतःच स्वतःला रचतात. विरजण लावलं की दुधातले कण एकमेकांना धरत धरत जाळं विणतात. आत बसून कुणी ते विणत नसतं. जिवंत शरीराच्या प्रत्येक पेशीत हे अखंड चाललेलं असतं. एकेका कणाला सगळ्या रचनेचा पत्ता नसतो, त्याला फक्त शेजारी ठाऊक असतो. शेजाऱ्याला धरायचं की सोडायचं, एवढंच त्याच्या हातात. मॅडम याला स्वयंसंघटन म्हणायच्या.

दर्शनीनं अभ्यासाला मुंग्या घेतल्या. शेताच्या बांधावर वारूळ करणारी, डसली की आग होते ती तांबडी मुंगी. हजारो मुंग्या काचेच्या ग्लासात घालून ग्लास गरगर फिरवला, की त्यांचा कणकेच्या गोळ्यासारखा गोळा होतो. तो पाण्यावर सोडला की आंबोळीसारखा पसरतो आणि तरंगायला लागतो. खालच्या मुंग्या पायात पाय अडकवून जाळं धरतात, वरच्या त्यावर मोकळ्या फिरतात. बोटानं पटकन दाबलं तर रबरासारखं उसळून वर येतं. पण त्यावर लोखंडी नट ठेवून नुसतं बघत राहिलं, तर खालच्या मुंग्या हळूहळू धरलेले पाय सोडतात, नट आत बुडत जातो आणि वरून मुंग्या पुन्हा जुळून येतात. केव्हा धरतात आणि केव्हा सोडतात, हे दर्शनीला मोजायचं होतं. तो तिचा प्रबंध.

सुरुवातीची काही वर्षं छान गेली. मग लग्न ठरलं. नवरा विश्वजित चौगले, चंदगडला सरकारी नोकरीत. घर पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात, कोल्हापुरापासून बसनं थोडं अंतर. बघायला आले तेव्हाच विश्वजित म्हणाला होता, "शिकू दे की. मला काय अडचण न्हाय." आणि त्यानं खरंच अडचण केली नाही. तो आठवडाभर चंदगडला असायचा, शनिवारी यायचा. दर्शनी रोज सकाळी बस धरून केंद्रात जायची आणि अंधाराच्या आत परतायची.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासऱ्यांना लकवा झाला. आण्णा म्हणत त्यांना सगळे. डावं अंग गेलं, बोलणं अस्पष्ट झालं. सासूबाई तानाबाई, त्यांचे गुडघे आधीच कामातून गेलेले. आण्णांना उचलून बसवायचं, भरवायचं, कूस बदलायची, हे सगळं दर्शनीवर आलं. रोजचं जाणं आठवड्यातून दोनदा झालं, मग एकदा, मग बंद.

"थोडं सावरूदेत आण्णा. मग जा की परत," विश्वजित म्हणायचा.

"आन् न्हाय सावरले तर?" तिनं एकदा विचारलं.

तो पिशवी भरत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. सोमवारी पहाटेची चंदगड गाडी होती.

मॅडमनीच मार्ग काढला. त्या म्हणाल्या, "मुंग्यांची वसाहत घरी घेऊन जा. निदान ती जिवंत ठेव." मग दर्शनीनं मुंग्यांचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घरी आणला. घर एकमजली, वर स्लॅब, स्लॅबवर पत्र्याची एक खोली. तिथं डबा ठेवला. डब्याच्या आतल्या कडेला ती टाल्कम पावडरचा थर लावायची. मुंगीचे पाय त्यावरून घसरतात, त्यामुळं झाकण नसलं तरी एकही बाहेर येत नाही. तानाबाईंना ते बिलकूल पटत नव्हतं. शेजारपाजारच्या बायकांना त्या सांगायच्या, "लोकं म्हसरं पाळत्यात, कोंबड्या पाळत्यात. आमची सून मुंग्या पाळती."

दुपारी आण्णांचा डोळा लागला की दर्शनी वर जायची. डब्यात साखरेचं पाणी, उकडलेल्या अंड्याचा बलक ठेवायची. राणी मुंगी दिसली की बरं वाटायचं. मोजायचं साधन घरी नव्हतं, नुसतं बघणं होतं. खालून हाक आली की जिना उतरायचा. "दिवसभरात मी स्वतःच्या पायानं जायची अशी तेवढी एकच जागा होती," ती मला म्हणाली. "उरलेल्या सगळ्या ठिकाणी मला कुणीतरी बोलवलेलं असायचं."

२०१९च्या ऑगस्टात महापूर आला.

पाणी चढतंय हे गावाला कळत होतं, पण प्रत्येकाच्या डोक्यात २००५ सालची खूण बसलेली. "पाच सालाला पायरीपातूर आलतं," तानाबाई म्हणाल्या. "त्येच्या वर न्हाय येत." भावकीतले बाळासो ट्रॅक्टर घेऊन आले, म्हणाले, "तानाकाकू, चला. रस्ता हाय तोवर निघूया." पण आण्णांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पावसात, कसं घालणार? तानाबाई जागच्या हलल्या नाहीत. मग बाळासो आणि शेजारचा सिकंदर या दोघांनी आण्णांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून स्लॅबवरच्या पत्र्याच्या खोलीतल्या खाटेवर नेऊन ठेवलं. बाळासोनी म्हशी सोडून नेल्या. सिकंदर आपल्या शेळ्या हायवेपर्यंत पोचवून येतो म्हणून गेला आणि तिकडंच अडकला, कारण मागं रस्ता उरला नाही. त्याची बायको मदिना तान्ह्या आयेशाला घेऊन चौगल्यांच्या स्लॅबवर आली. तिचं घर कौलारू होतं. संध्याकाळपर्यंत त्याची कौलं पाण्याला टेकली.

विश्वजितचा शेवटचा फोन आला तो असा: "दर्शनी, हिकडं समदे रस्ते बंद हाईत. मला येताच येईना गं." मग बॅटरी संपली.

स्लॅबवर चार मोठी माणसं आणि एक तान्हं मूल. एक स्टो, पिठाचा डबा, झाकून ठेवलेलं प्यायचं पाणी. कडेला कपडे धुवायचा दगड, बादली आणि पावडरचा पुडा. चहूकडं तांबडं पाणी. उसाचे नुसते शेंडे दिसत होते, मग तेही दिसेनात. दूरच्या स्लॅबवरून कुणीतरी ओरडायचं, पण शब्द पोचायचे नाहीत. पाणी स्लॅबच्या वीतभर खाली येऊन थांबलं. ते आणखी चढेल की उतरेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जायला जागा नव्हती आणि करायलाही काही नव्हतं. तानाबाई आण्णांच्या पायाशी बसून राहिल्या. मदिना आयेशाला थोपटत फेऱ्या मारायची. दर्शनी पाण्याकडं बघायची.

अशाच एका सकाळी, पाऊस उघडला असताना, मदिनानं बोट केलं. "दर्शनीताई, त्यो भुस्सा बघा की कसला तांबडा हाय."

पाण्यावरून भाकरीएवढं काहीतरी येत होतं. लाटेबरोबर वाकत होतं, पण फाटत नव्हतं. दर्शनी स्लॅबच्या कडेला पालथी पडली आणि पाण्यावर वाकली. तो भुस्सा नव्हता. शेतातली वारुळं बुडाली होती आणि मुंग्या तराफे करून निघाल्या होत्या. तिनं हे केंद्रातल्या काचेच्या भांड्यात शेकडो वेळा केलं होतं. भांड्याबाहेर, आपणहून झालेलं, पहिल्यांदा बघत होती.

मदिनाही शेजारी येऊन बसली. "मुंग्या हाईत ह्या? बुडत कशा न्हाईत?"

"त्यांच्या अंगाला पाणी लागत नाही भाभी. अंगाभोवती हवेचा थर राहतो. एकटी असली तरी थोडा वेळ तरंगते. सगळ्यांनी मिळून धरलं की तो थर आणखी टिकतो."

"ह्यांच्यात मुकादम कोण असतंय?"

"कुणी नाही."

"मग ठरवतंय कोण, कुणी खाली ऱ्हायाचं आन् कुणी वर?"

"कुणीच ठरवत नाही. वरची फिरत असते. फिरत फिरत कडेला आली, की शेजारणीचा पाय धरते. मग ती खालची होते."

मदिना बराच वेळ बघत राहिली. "अल्ला," ती म्हणाली, "आन् आमचा ग्रामसेवक मिटिंगा घेतोय."

दोघी हसल्या. त्या दिवसांत स्लॅबवर कुणी हसलं ते तेवढंच. दर्शनी मला म्हणाली, "सर, वर्षभरात मी पहिल्यांदा खूश होते. चारी बाजूंनी पाणी होतं, घरात खाली सगळं वाहून गेलेलं, आणि मी खूश होते. फोन चालू असता तर तासभर व्हिडिओ काढला असता."

मग दुसरा तराफा आला, तिसरा आला. आणि तिच्या लक्षात आलं की ते पुढं जात नाहीत. नदीचं पाणी घराच्या कोपऱ्यावर आपटून मागं वळत होतं, आणि जे जे वाहत येई ते त्याच भिंतीला येऊन टेकत होतं. उसाचा पाला, थर्माकोल, बाटल्या, आणि मुंग्या. पहिला तराफा भिंतीला लागला तसा त्याचा आकार मोडला. मुंग्या भिंतीवर चढायला लागल्या. आसपास कोरडी अशी तेवढीच जागा होती.

तेवढ्यात पत्र्याच्या खोलीतून आण्णांचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता घशातला आवाज. दर्शनी आणि मदिना धावल्या, बाहेर स्टोपाशी बसलेल्या तानाबाई भिंत धरत मागून आल्या. आधीच कधीतरी वर आलेल्या मुंग्यांची रांग आण्णांच्या डाव्या हातावरून मानेपर्यंत चढली होती. त्या हाताला जाणीवच नव्हती. मानेला डसल्या तेव्हा त्यांना कळलं. हात कोपरापर्यंत पुरळ येऊन सुजला होता. दर्शनी आणि मदिना फडक्यानं मुंग्या काढायला लागल्या.

तानाबाईंची नजर कोपऱ्यातल्या डब्यावर गेली.

"तुझ्याच मुंग्यांनी खाल्लं ह्यांस्नी!"

"आत्ती, माझ्या डब्यात हाईत सगळ्या. ह्या शेतातल्या. पाण्यावरनं आलेल्या."

"मुंगीला काय नाव असतंय व्हय? घरात मुंग्या बोलवून बसलीस तू! जित्या माणसाला खाऊ घातलंस!"

"आत्ती, एकदा बघा तरी..."

तानाबाईंनी बघितलं नाही. ज्या बाईला जिना चढायला दोघांचा हात लागायचा, तिनं तो जड डबा छातीशी धरून उचलला आणि स्लॅबच्या कडेवरून पाण्यात उपडा केला. दर्शनी दारातून बाहेर येईपर्यंत झालं होतं.

डब्यातली माती तळाला गेली. मुंग्या पाण्यावर विखुरल्या, पाय मारत, एकेकट्या. गेल्या सगळ्या, असं दर्शनीला वाटलं. मग एकीनं दुसरीला धरलं. इकडं चार जुळल्या, तिकडं दहा. ते गठ्ठे एकमेकांना लागले आणि एक झाले. चहा उकळून गाळून होईल एवढ्या वेळात पाण्यावर ताटलीएवढा सपाट तराफा झाला होता. मधोमध पांढरे ठिपके होते. ती अंडी आणि अळ्या. मुंग्यांनी ती गोळा करून मध्ये घेतली होती. डब्याबरोबर मीही फेकली गेले असते तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं, असं ती मला म्हणाली आणि लगेच वर्गात जाऊन एका मुलाला पुरवणी देऊन आली.

तानाबाई कडेला तशाच उभ्या होत्या. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "पोरं धरल्यात गं त्यांनी."

तराफा फिरत फिरत थोडा लांब गेला, आणि मग मागं वळणाऱ्या पाण्यानं त्यालाही पुन्हा भिंतीकडं आणायला सुरुवात केली.

आयेशा किंचाळली. मदिनानं तिला उचललं, तर पावलाला मुंग्या. मदिना तिला खांद्यावर घेऊन स्लॅबच्या मधोमध उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. मुंग्या आता तीन कडांवरून वर येत होत्या. आणखी तराफे भिंतीला येऊन लागत होते. आण्णांची खाट उचलून नेणार तरी कुठं?

दर्शनीला उपाय ठाऊक होता. मॅडम कितीदा म्हणाल्या होत्या, "साबणाचा प्रयोग कधी करणार तू?" पाण्याला वर एक ताणलेला पापुद्रा असतो, त्याच्या आणि हवेच्या थराच्या जोरावर मुंगी तरंगते. पाण्यात साबण गेला की तो ताण कमी होतो, मुंगीचं अंग भिजतं, हवा निसटते आणि ती बुडते. तराफा मुळात कशामुळं टिकतो, हे दाखवायला तो प्रयोग लागणारच होता. पण त्यात अख्खी वसाहत जाते. म्हणून दर्शनी तो पुढं ढकलत राहिली होती.

तिनं धुण्याच्या दगडाजवळची बादली घेतली, पुराचं पाणी भरलं, मुठी भरभरून पावडर टाकली आणि हातानं घुसळली. तानाबाईंना बहुतेक कळलं. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब गं. लेकुरवाळ्या हाईत त्या."

"आण्णांच्याकडं बघा, आत्ती."

तानाबाईंनी मनगट सोडलं आणि त्या आत जाऊन बसल्या.

दर्शनीनं पहिला लोटा भिंतीला लागलेल्या तराफ्यावर ओतला. तिला वाटलं होतं मुंग्या सुटतील, इकडंतिकडं होतील. तसं झालं नाही. धरलेले पाय कुणीच सोडले नाहीत. तराफा आहे तसा, अख्खाच्या अख्खा, पाण्यात खाली गेला. तांबड्या पाण्यात थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला.

दिवसभर ती तेच करत होती. भिंतीवर साबणाचं पाणी ओतायचं, खोलीच्या दारात ओतायचं, खाटेच्या पायांवर ओतायचं, तराफा आला की त्यावर ओतायचं. मदिना एका हातानं पोर सांभाळत दुसऱ्या हातानं पाणी भरून द्यायची. दोघींचे हात डसून डसून सुजले. दुपारनंतर तिचा स्वतःचा तराफा भिंतीला लागला. पांढरे ठिपके जास्त होते, त्यावरून तिनं तो ओळखला. हुपरीच्या वाटेवरच्या एका बांधावरून तिनं ती वसाहत खणून आणली होती, पावसाळे-उन्हाळे सांभाळली होती. तिनं त्यावरही लोटा ओतला.

"दुसरं काय करता आलं असतं?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "तेच तर."

दुसऱ्या दिवशी जवानांची बोट आली. आधी आण्णांना उतरवलं, मग तानाबाईंना, मग मदिना आणि आयेशाला. दर्शनी शेवटी उतरली. कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात गावातली पुष्कळ माणसं आणून ठेवली होती. सिकंदर दारातच उभा होता. त्यानं पोरीला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडायला लागला. आण्णांना तिथून दवाखान्यात नेलं. हातातलं विष अंगात भिनलं होतं, पण वाचले. विश्वजित पोचला तेव्हा दर्शनी दवाखान्याच्या बाकावर बसून होती. त्यानं तिचे हात बघितले आणि तो तिच्या शेजारी नुसता बसून राहिला.

कुणाच्या तरी फोनवरून तिनं मॅडमना फोन लावला. मॅडम शास्त्रज्ञ होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काही रेकॉर्ड करता आलं का? साबणाचं प्रमाण किती होतं?"

"मुठीनं टाकला, मॅडम."

मग मॅडम म्हणाल्या, "सॉरी. तू जेवलीस का?"

पाणी ओसरल्यावर घर म्हणजे नुसता गाळ होता. तो उपसण्यात, भिंती वाळवण्यात दिवाळी आली. केंद्रात परत जायचं ठरत होतं तेवढ्यात लॉकडाऊन लागला. तो उठला तेव्हा आण्णांचं दुखणं वाढलेलं. एका थंडीत ते गेले. दर्शनीनं त्यांचं सगळं शेवटपर्यंत केलं. तेराव्यानंतर ती केंद्रात गेली, तर तिच्या संशोधनाच्या नोंदणीची मुदत संपून गेली होती. मुदतवाढीसाठी समितीसमोर बसावं लागलं. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "एवढा खंड कशामुळं?"

"पूर आला होता, सर."

"पूर आठवडाभर होता, ताई. तुमचा खंड चार वर्षांचा आहे."

त्यांचं चुकलं असं दर्शनी म्हणत नाही. कागदावर ते बरोबरच होते. त्या चार वर्षांत काय झालं ते सांगायचं तर आण्णांची कूस बदलण्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि ते त्या खोलीत कसं सांगणार? ती "हो सर" म्हणाली. नव्यानं नोंदणी करा, असं उत्तर मिळालं.

तिनं नव्यानं नोंदणी केली. मुंग्या घेतल्या नाहीत. मॅडमनी समजावलं, आधीचं पुष्कळ काम हाताशी आहे, ते वाया जाईल. दर्शनीनं ऐकलं नाही. आता तिचा विषय कापूर आहे. कापराची चिमूट परातीतल्या पाण्यात टाकली, की तुकडे आपोआप धावायला लागतात. कापूर विरघळून तिथल्या पाण्याचा ताण कमी करतो, आणि ज्या बाजूला ताण जास्त त्या बाजूला तुकडा ओढला जातो. खूप तुकडे असले की ते एकमेकांचा माग सोडून, अंतर राखून फिरतात, मधेच सगळे एकदम थांबतात, पुन्हा एकदम सुटतात. हे घरी स्वयंपाकघरात करता येतं. तानाबाई आता फारशा उठत नाहीत, पण खाटेवरून बघतात. पहिल्यांदा परात मांडली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "ह्येंच्यात जीव न्हाय न्हवं?"

"न्हाय, आत्ती. कापूर हाय."

"मग कर," त्या म्हणाल्या.

मदिनाचं घर आता सिमेंटचं आहे, वर स्लॅब आहे. आयेशा शाळेत जाते. विश्वजित अजून चंदगडलाच. बदलीचा अर्ज प्रत्येक उन्हाळ्यात करतो. दर्शनी सकाळी तानाबाईंना आंघोळ घालून आमच्याकडं तास घ्यायला येते, तासिका तत्त्वावर, दर वर्षी नव्यानं नेमणूक. प्रबंधाची दोन प्रकरणं झाली आहेत. मुल्लाणी मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. तोवर झालं नाही तर दुसरा मार्गदर्शक शोधावा लागेल, आणि या विषयातलं कोल्हापुरात दुसरं कुणी नाही.

शेवटचा पेपर होता त्या दिवशी मी तिला म्हणालो, "मॅडम, पुण्याला तरी जा. तिथं मोठ्या प्रयोगशाळा आहेत."

ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुतळीनं बांधत होती. "सर," ती म्हणाली, "मला गावाकडच्या साडेपाचच्या बसच्या पलीकडं कुठं जाता येत नाही." मग गाठ नीट बसली नाही म्हणून तिनं ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.